हँडिकॅप विमानशर्यत: इंग्लंडच्या फेऱ्या की अमेरिकेचा लांब पल्ला?

खासगी वैमानिकाचं लायसन्स आहे, शंभराच्या वर तास जमा आहेत आणि आता शर्यतीत उतरायचं मनात आहे, तर त्यासाठी खास रेसिंगचं विमान लागत नाही. क्लबचं साधं सेस्ना किंवा पायपर चालतं, कारण हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक विमानाचा ठरवलेला वेग आधीच हिशोबात धरतात. प्रश्न एवढाच की कोणत्या तऱ्हेची शर्यत निवडायची. माझ्या मते निवड विमानावरून करू नये. तुम्हाला उडण्यातलं काय शिकायचंय, त्यावरून करावी.

ब्रिटिश पद्धतीचा नमुना म्हणजे किंग्ज कप. राजे पंचम जॉर्ज यांनी दिलेल्या करंडकासाठी १९२२ साली पहिली शर्यत झाली, क्रॉयडनहून ग्लासगो आणि परत. आता ती ठरलेल्या वळणबिंदूंभोवती चार-पाच फेऱ्यांची असते, एकूण साधारण १०० सागरी मैल. इथे हँडिकॅप सुरुवातीच्या वेळेतच असतो. सर्वात हळू विमान आधी सुटतं, सर्वात वेगवान शेवटी. १०० नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) विमानाला हे अंतर कापायला ६० मिनिटं लागतात, १५० नॉटच्या विमानाला ४०. म्हणून दुसरं २० मिनिटं उशिरा सोडायचं. हिशोब अचूक बसला तर सगळी विमानं शेवटच्या रेषेवर एकदमच यायला हवीत, आणि खरोखरच शेवटच्या काही मिनिटांत आकाश गजबजून जातं. जो पहिला रेषा ओलांडेल तो जिंकला. जमिनीवरच्या प्रेक्षकालाही निकाल डोळ्यांनी दिसतो.

वाऱ्याचा हिशोबही करावा लागतो. २० नॉटच्या वाऱ्यात सरळ जाऊन परत यायचं, तर १०० नॉटच्या विमानाची सरासरी ९६ वर येते, १५० नॉटच्या विमानाची मात्र १४७ च्या आसपास राहते. म्हणजे वारा हळू विमानालाच जास्त छळतो.

या शर्यतीत जिंकणं-हरणं वळणावर ठरतं. वळण लांबवलं तर अंतर वाढतं, फार आवळलं तर वेग पडतो. ६० अंश कलून उंची राखत वळलात, तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाहीत तो वेग, ४१ टक्क्यांनी वर जातो. एरवी ५० नॉटला स्टॉल होणारं विमान ७० च्या पुढेच सोडून देतं. हे सगळं जमिनीपासून थोड्याच उंचीवर, पुढेमागे दुसरी विमानं असताना. ज्याला हाताची सफाई कमवायचीय, त्याने इथे यावं. १९३० साली विनिफ्रेड ब्राऊन यांनी एव्हरो एव्हियन या छोट्या दुपंखी विमानातून मातब्बरांना मागे टाकत हा कप जिंकला. तो जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि मला आजही त्यांचं फार कौतुक वाटतं.

अमेरिकेची एअर रेस क्लासिक फक्त महिलांसाठी आहे. तिची मुळं १९२९ च्या सांता मोनिका ते क्लीव्हलंड या महिलांच्या शर्यतीत आहेत. ती लुईस थेडन यांनी जिंकली होती. आता पल्ला साधारण २,४०० मैलांचा, मुदत चार दिवसांची, उड्डाण फक्त दिवसा आणि नजरेने. प्रत्येक विमानात किमान दोघी वैमानिक. इथे सगळ्यांना आपापल्या हँडिकॅप वेगाशी झुंजायचं असतं. १२० नॉट हँडिकॅप असलेल्या जोडीने सरासरी १३१ काढली तर तिचे ११ गुण; १५० वालीने १५५ काढली तर पाचच. शेवटी पोहोचणारी जोडीही जिंकू शकते, म्हणून हिशोब पूर्ण होईपर्यंत निकाल कुणालाच ठाऊक नसतो.

त्यामुळे कसोटी हवामान वाचण्याची. पाठचा वारा दुपारी मिळणार असेल तर सकाळी थांबायचं का? वर गेल्यास वारा जोरदार, पण चढायला वेळ जातो आणि साध्या इंजिनाची ताकद उंचीवर घटते. वादळाची रांग आडवी आली तर वळसा घालायचा की थांबायचं? हे निर्णय दोघींनी मिळून घ्यायचे असतात, आणि पुढच्या सगळ्या उड्डाणांत तेच उपयोगी पडतात. तिथे विद्यापीठांचे संघही उतरतात, त्यामुळे अमेरिकेत विमानविद्या शिकणाऱ्या आपल्या मुलींनी कॉलेजात चौकशी करावीच.

खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. किंग्ज कपचं प्रत्यक्ष उड्डाण तासाभराचं, सराव वेगळा. लांब शर्यतीत सेस्ना १७२ ला १७-१८ तास लागतात. तासाला ४० लिटर धरलं तरी ७०० लिटरच्या आसपास पेट्रोल, शिवाय सुरुवातीच्या ठिकाणी विमान नेणं आणि शेवटाहून घरी आणणं वेगळंच.

तास शंभराच्या जेमतेम वर असतील आणि तुम्ही महिला असाल, तर मी आधी लांब शर्यतच सुचवेन, अनुभवी जोडीदारीण घेऊन. कमी उंचीवरची गर्दीतली वळणं नव्या हाताला जड जातात. पुरुषांना ती वाट नाही. त्यांनी किंग्ज कपच्या धर्तीच्या शर्यतीत पहिल्या मोसमात जुन्या स्पर्धकाबरोबर नॅव्हिगेटर म्हणून बसावं. वळणबिंदू कुठून दिसतो, मागून येणारं विमान कधी लक्षात येतं, हे उजव्या सीटवरून नीट कळतं.