पोळी-भाजी केंद्रावरचा बोलका साउंडबॉक्स

यूपीआयचे पैसे जमा झाले की बोलून सांगणारा हा डबा काउंटरवर आला आणि संध्याकाळची माझी घालमेल थांबली. सात ते नऊ माझे दोन्ही हात कणकेत असतात, मोबाइल बघणार कधी? पूर्वी गिऱ्हाईक स्क्रीन दाखवायचं, मी मान हलवायचे. खोटे स्क्रीनशॉट दाखवणारेही असतात. आता 'ऐंशी रुपये प्राप्त झाले' असं मराठीत ऐकू आलं की पार्सल पुढे सरकवते.

बटणं मोजकीच: चालू-बंद आणि आवाज कमी-जास्त. आत स्वतःचं सिम असल्याने माझा फोन घरी राहिला तरी अडत नाही.

याआधी एका कंपनीचं ॲप वापरत होते. रंग, चित्रं सगळं देखणं. पण आजची जमा बघायची तर आधी कर्जाची जाहिरात बाजूला सारायची, तीही पिठाच्या बोटाने. इंटरफेस देखणा असला तरी वापरणाऱ्याला त्रासच होत असेल, तर त्या देखणेपणाचं करायचं काय? डिझाइन करणाऱ्यांनी आधी तासभर माझ्या ओट्याशी उभं राहावं, असं मनापासून वाटतं.

एक उणीव मात्र खटकते. दोघांनी एकदम ऐंशी-ऐंशी रुपये पाठवले आणि घोषणा एकदाच झाली, तर पैसे कोणाचे आले ते कळत नाही. डबा फक्त रक्कम सांगतो, नाव नाही. गर्दीत नेमकं तिथेच अडतं.

महिन्याचं भाडं असतं, ते घेण्याआधी विचारून घ्या. मला ते परवडतं.