१०० मिलीचा टेफ्लॉनवाला ऑटोक्लेव्ह: बेरियम टायटनेट करणाऱ्यांसाठी

बाहेरचं स्टील सगळ्यांचंच जाडजूड असतं, खरी परीक्षा आतल्या टेफ्लॉनच्या झाकणाची. आमच्या प्रयोगशाळेत हा ऑटोक्लेव्ह, म्हणजे द्रावण दाबाखाली तापवायचं घट्ट बंद भांडं, पीझोइलेक्ट्रिक (दाबलं की वीज देणाऱ्या) पावडरींसाठी घेतला, आणि आता त्याच्याशिवाय काम सुचत नाही.

बेरियम टायटनेट ही त्यातलीच एक. ती करायला एरवी बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड एकत्र दळून ११०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजायचं. कण मोठे होतात, ढेकळं धरतात, की पुन्हा दळण. इथे बेरियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात टायटॅनियम डायऑक्साइड घालून रात्रभर २०० अंशांवर ठेवलं की नॅनो आकाराची पावडर थेट हाती येते. त्या तापमानाला आत वातावरणाच्या सुमारे १५ पट दाब असतो. झाकण जरा जरी ढिलं असेल तरी वाफ वाट काढतेच.

पहिला नग उघडला तर आट्यांत पांढरी पापडी! निसटलेल्या बेरियम हायड्रॉक्साइडने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला, त्याचं हे कार्बोनेट. म्हणजे ठरवलेलं बेरियमचं प्रमाण गेलंच. विक्रेत्याने बरीच पत्रापत्री झाल्यावर भांडं बदलून दिलं. नवं झाकण तळव्याने दाबून बसवावं लागतं, तसंच हवं. नग ताब्यात घेण्याआधी निम्म्याहून थोडं जास्त साधं पाणी भरा, वजन करा, रात्रभर १८० अंशांवर ठेवा, पूर्ण गार झाल्यावर पुन्हा वजन करा. घटलं तर परत पाठवा.

एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना) २४ अंशांच्या कोनाजवळ कार्बोनेटचं शिखर दिसलं तर मात्र आधी आपलं पाणी तपासा, उकळून गार केलेलंच वापरा. सौम्य ॲसेटिक ॲसिडने धुतल्यावर ते जातं, पण जास्त धुतलं तर कणांमधलंही बेरियम निघतं. ४५ अंशांचं शिखर दुभंगलं की रचना एका दिशेने ताणलेली, म्हणजे पीझो गुण देणारी, असं धरतात; ते दुभंगलेलं दिसत नाही, म्हणून कुणी ऑटोक्लेव्हला नावं ठेवू नयेत. इतक्या बारीक कणांत, आत हायड्रॉक्सिल अडकलेले असताना, रचना न ताणलेली, घनाकृती (क्यूबिक) दिसते. वड्या करून १३०० अंशांच्या आसपास भाजल्या की शिखर दुभंगतं, आणि पोलिंगनंतर (जोरदार विद्युतक्षेत्र लावून आतले ध्रुव एका दिशेला वळवल्यावर) पीझो गुणही मिळतो.

जरूर घ्या. २२० अंशांच्या वर टेफ्लॉनवर भरवसा ठेवू नका, गरम असताना पाना लावू नका, आणि ऑर्डर देतानाच एक जादा भांडं मागून घ्या. शिसंवाल्या पीझेडटीसाठी (लेड झिर्कोनेट टायटनेट, दुसरा पीझो पदार्थ) ते वेगळंच ठेवा.