आठ महिन्यांनंतर: बुकशेल्फ स्पीकर, कौलारू घर आणि कपाटात बसून गाणारी बाई

मार्चात, शिमग्याच्या आधी, हे स्पीकर घेतले. आता नोव्हेंबर उजाडला. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढच्या रडकथेत स्पीकरचा दोष जवळजवळ नाही आणि नाव टाकलं की लोक तेवढंच लक्षात ठेवतात. साडेपाच इंची वूफर (खालचे सूर काढणारा मोठा पडदा), एक इंची ट्वीटर (वरचे सूर काढणारा छोटा), मागे पोर्ट (खालच्या सुरांची हवा सोडणारं भोक), सोबत ५० वॉटचा साधा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर. घर वेंगुर्ल्याजवळ, समुद्र चालत दहा मिनिटांवर. गाणं ऐकायची खोली म्हणजे आमचं माजघर: १६ फूट लांब, ११ फूट रुंद, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर थेट कौलं. डाव्या हाताला पडवीत उघडणाऱ्या दोन मोठ्या खिडक्या. उजवीकडे गिलावा केलेली सबंध भिंत आणि तिला लागून आजोबांचं काचेचं कपाट. ही डावी-उजवी बाजू लक्षात ठेवा, सगळं रामायण तिथेच आहे.

लावले त्या रात्री तर पोटात गोळाच आला. खर्ज, म्हणजे खालचे जाड सूर, गायब, आणि गाणारी व्यक्ती समोर नाहीच, आवाज नुसता कानांभोवती पसरलेला. वायरमनने दोन्ही पदर पांढरे असलेली वायर वापरली होती, तिथे अधिक-उणेची गफलत झाली. हे तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो. ॲम्पच्या बाजूने वायर सोडवून तिची टोकं सेलला क्षणभर टेकवायची आणि वूफरकडे बघायचं. डावीकडचा पुढे आला, उजवीकडचा आत गेला. एक वायर उलटी केल्यावर खर्ज जागेवर आला.

गाणारी बाई मात्र समोर येईना. मी खुर्चीत, काकी शेजारी तांदूळ निवडत बसलेली. पाच मिनिटं ऐकून म्हणाली, “अरे झिला, ही बाय कपाटात बसान गाता काय?” अगदी बरोबर होतं तिचं. आवाज मधून येण्याऐवजी उजव्या स्पीकरच्याही पलीकडे, कपाटाकडे ओढला जात होता.

आधी शंका आली रेकॉर्डिंगची. म्हणून बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली पदं लावली. ७८ आरपीएमच्या तबकड्या मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी एकच आवाज. असा एकसारखा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचला की मेंदू त्याला बरोब्बर मध्ये बसवतो, तिथे स्पीकर नसला तरी. स्टिरिओचा सगळा खेळ या चकव्यावर चालतो. म्हणून मधली जागा तपासायला मोनोसारखं दुसरं काही नाही, बातम्या सांगणाऱ्याचा आवाजही चालतो. माझ्याकडे गंधर्वसुद्धा कपाटात गेले.

मग सुतळी घेतली. तोवर मी स्पीकर भिंतीपासून मोजून ठेवले होते. जुन्या घराची एकही भिंत काटकोनात नसते हे लहानपणापासून माहीत असून डोक्यात आलं नाही. खुर्चीच्या पाठीला डोक्यामागे सुतळी बांधून दोन्ही ट्वीटरपर्यंत ताणली, तर उजवा ७ सेंटिमीटर जवळ. आवाज १ मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे हा ०.२ मिलिसेकंदाचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण अगदी बाजूने येणारा आवाजसुद्धा एका कानापासून दुसऱ्या कानाला पोचायला साधारण ०.६५ मिलिसेकंद घेतो. त्या मापात ०.२ म्हणजे बाई अर्धा पाट सरकलीच. दोन्ही स्पीकरमध्ये ६ फूट ठेवले, खुर्ची त्याहून जराशी लांब, तोंडं थोडी आत वळवली. स्टँडला पैसे घातले नाहीत: सात इंची जाडीचे चार-चार चिरे आडवे रचले, मध्ये रबराच्या चकत्या, ट्वीटर नेमका कानाच्या उंचीला. चिरा हलत नाही, वाजत नाही. तांबडी भुकटी तेवढी रोज पुसावी लागते.

मागच्या भिंतीपासून आधी ७५ सेंटिमीटर ठेवले होते, बाजूच्या भिंतीपासूनही तेवढेच. अंतर सारखं झालं की भिंतीवरून उलटून येणारा आवाज दोन्हीकडून एकाच उंचीचे सूर खातो, माझ्याकडे ११५ हर्ट्झच्या आसपासचे. पुरुषाचा आवाज पोकळ लागायचा. मागचं अंतर ९५ केल्यावर बरं झालं.

एवढं करून बाई कपाटातून बाहेर आली, पण उजव्या स्पीकरपाशी अडून बसली. ॲम्पचा बॅलन्स (डावा-उजवा आवाज कमी-जास्त करणारा खटका) डावीकडे फिरवून पाहिला. गाणारी कशीबशी मध्ये आली, पण साथीची वाद्यं भलतीकडे गेली. मे महिना असाच काढला.

जूनचा पाऊस लागला आणि आठवड्याभरात सगळं आपोआप सुधारलं! गाणारी मधोमध. काकीनेसुद्धा न विचारता सांगितलं, “आता मदी इली बघ.” मी खूश. स्पीकर रुळायला शंभरेक तास लागतात असं जो तो सांगतो, तेच झालं म्हणून मी चार जणांना फोनवर ऐकवलंही. आवाज जरा टणक लागत होता, तिकडे दुर्लक्ष केलं. जुलैत तर कौलांवरचा पाऊस इतका वाजायचा की टणक काय नि मऊ काय!

गणपतीत माजघर रिकामं करावं लागतं. चिऱ्यांच्या आणि खुर्चीच्या कडा फरशीवर तैलरंगाने आखून ठेवल्या होत्या, विसर्जनानंतर दहा मिनिटांत सगळं परत बसलं. ऑक्टोबरात ऊन तापलं आणि बाई पुन्हा उजवीकडे. खुणा पाहिल्या, जागच्या जागी. सुतळी लावली, बरोबर. पुन्हा सेल लावला, तोही बरोबर. वैतागून उठलो आणि पंख्याचा वेग वाढवायला गेलो तेव्हा डोळ्यांसमोर उघड्या खिडक्या होत्या.

मे महिन्यात उघड्या. पावसाळाभर बंद. परवापासून पुन्हा उघड्या.

खिडक्या लावून घेतल्या: बाई मध्ये. उघडल्या: उजवीकडे. पाच-सहा वेळा केलं, काकीला वाटलं मला काही झालंय. १८९५ साली हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबिन नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहाच्या मागे लागले, रात्री-अपरात्री खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर करून मोजत बसले. कोणती वस्तू किती आवाज शोषते हे सांगायला त्यांनी माप धरलं ते उघड्या खिडकीचं, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. माझी डावी बाजू म्हणजे असं पूर्ण भोक आणि उजवी बाजू म्हणजे गिलावा नि काच. उजव्या भिंतीवर आपटलेला आवाज थेट आवाजापेक्षा मीटरभर जास्त चालून ३ मिलिसेकंद उशिरा यायचा. एवढ्या थोड्या उशिराचा प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजात मिसळतो आणि त्याला आपल्याकडे ओढतो. पावसाळ्यात दोन्हीकडून सारखा आपटायचा, म्हणून मध्य सापडला आणि टणकपणाही आला. स्पीकर रुळले वगैरे काही नाही.

उपाय फुकटात झाला. मी खुर्चीत बसलो, पुतण्याने दाढीचा आरसा उजव्या भिंतीवर कानाच्या उंचीला धरून सरकवत नेला. आरशात उजवा ट्वीटर दिसला ती जागा म्हणजे आवाज आपटायची जागा, अर्थातच कपाटाची काच. तिथे बांबूवर दोन जाड गोधड्या टांगल्या, काचेपासून १० सेंटिमीटर सोडून. चिकटवून टांगल्या तर फक्त वरचे सूर मरतात, फट ठेवली की जरा खालपर्यंत काम होतं. खर्जाला गोधडीने काही होत नाही, ती अपेक्षा नको. “भिंतीक थंडी लागता काय रे?” असं ऐकून घ्यावं लागलं, पण आता खिडक्या उघड्या ठेवून बाई मध्ये आहे आणि मे महिन्यापेक्षा कितीतरी स्वच्छ. पुढच्या पावसाळ्यात एक गोधडी डावीकडे खिडकीवर जाईल.

बाकी चटकन सांगतो. खाऱ्या हवेने वायरची उघडी टोकं चार महिन्यांत हिरवी पडली आणि डावा आवाज मध्येच दबायचा. टोकं कापून, घासून बनाना प्लग (वायरच्या टोकाला बसणाऱ्या पिना) बसवले. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प भुणभुणतो, तेव्हा ऐकत नाही. वीज कडाडली की प्लग काढतो. जाळ्यांवर बुरशी आली होती, ऊन दाखवून गेली. स्पीकरची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) पेटी अजून फुगलेली नाही.

स्पीकरना पाचपैकी चार. एक गुण कापला तो मागच्या पोर्टसाठी, भिंतीपासून एवढं पुढे ओढल्यामुळे माजघरातली जायची-यायची वाट अडते. आणि मध्य सापडतो तो एकाच खुर्चीत. हल्ली दुपारी तिच्यात काकी बसते, मी खिडकीजवळच्या बाकावर. तिथून बाई डाव्या स्पीकरात जाते.