कोंबडीचे आजारपण आणि तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना

हौसेने पाळलेली कोंबडी आजारी पडली तर तिला कोणाकडे न्यावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. शहरातल्या खासगी दवाखान्यांत कुत्र्यामांजरांची उत्तम सोय असते, पण कोंबडीचे नाव काढताच बहुतेक ठिकाणी ‘आम्ही पक्षी पाहत नाही’ असे उत्तर मिळते. पोल्ट्रीची औषधे विकणाऱ्या दुकानांतला सगळा हिशेब हजारो पक्ष्यांचा असतो आणि तिथे पक्षी न पाहताच प्रतिजैविकाची पुडी हातात पडते. राहतो तो सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. कोकणातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या अशा दवाखान्यात आमची ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्प जातीची दोन वर्षांची कोंबडी नेली होती. तिथल्या सेवेविषयी हे लिहीत आहे.

कोंबडी पिसे फुलवून, शेपटी पाडून एका जागी उभी राहत होती, दाण्याला तोंड लावत नव्हती आणि तिचा एरवी लालभडक असणारा तुरा फिकट पडला होता. अशी लक्षणे दिसली की आमच्याकडे पहिला शब्द निघतो तो मानमोडीचा, म्हणजे राणीखेत रोगाचा. दवाखान्याच्या ओट्यावर शेळ्या घेऊन बसलेल्या मंडळींनीही तेच निदान केले आणि एकाने, कोंबडीला कसले औषध करता, असे हसत विचारलेही. केसपेपर काढणाऱ्या परिचराचा चेहराही फारसा वेगळे सांगत नव्हता. नोंद करताना ‘किती पक्षी मेले’ हाच पहिला प्रश्न आला. मात्र तो प्रश्न तुसडा वाटला तरी निरर्थक नव्हता, कारण कळपात एकाएकी मरतूक सुरू झाली असेल तर राणीखेत किंवा बर्ड फ्लूचा संशय घ्यावा लागतो आणि तसे असल्यास पुढची सगळी कार्यपद्धतीच बदलते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लूमुळे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे या खात्यातला कोणीही विसरलेला नाही.

डॉक्टरांची तपासणी मात्र या दवाखान्याची खरी जमेची बाजू होती. कोंबडीला हात लावण्याआधी त्यांनी तिला मोकळे सोडून काही वेळ नुसते पाहिले. आजारी पक्षी आपले दुखणे लपवतो आणि पकडल्यावर घाबरून तात्पुरता तरतरीत दिसतो, त्यामुळे आधी दुरून पाहणे आवश्यक असते, असे त्यांनी सांगितले. मान वाकडी होत नव्हती, पंख किंवा पाय लुळे पडले नव्हते, श्वासाला घरघर नव्हती आणि हिरवी पातळ हगवणही नव्हती, म्हणून मानमोडीची शक्यता त्यांनी बाजूला ठेवली. रक्ती हगवण प्रामुख्याने लहान पिल्लांत दिसते, तरीही सोबत नेलेली ताजी विष्ठा त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नंतर गळ्याखालची अन्नपिशवी चाचपली, छातीच्या हाडावर मांस किती आहे ते बोटांनी पाहिले, ताप मोजला. कोंबडीचे नेहमीचे तापमानच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते, त्यामुळे अंग हाताला गरम लागले म्हणून ताप आहे असे समजायचे नाही, हेही तेव्हाच कळले. शेवटी हातमोजा घालून, बोटाला वंगण लावून केलेल्या तपासणीत उत्तर मिळाले: अंडे मार्गात अडकले होते.

उपचार साधे होते आणि मला वाटते, साधे राहिले यातच डॉक्टरांचे कौशल्य होते. कॅल्शियमचे इंजेक्शन दिले, कोमट पाण्याच्या टबात पोटापर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटे बसवायला सांगितले आणि त्यानंतर उबदार, अंधाऱ्या जागी एकटीला ठेवायला सांगितले. दाबून अंडे बाहेर काढण्याचा प्रयत्न अजिबात करू नका, हे दोनदा बजावले. आत कवच फुटले तर त्याच्या कडांनी जखम होते आणि जंतुसंसर्ग होऊन पक्षी दगावू शकतो. प्रतिजैविक दिले नाही. संध्याकाळी मऊ कवचाचे अंडे बाहेर पडले.

कारणही त्यांनी समजावून सांगितले: कॅल्शियम कमी पडले की अंडे असे अडकू शकते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच तयार होण्यास वीसएक तास लागतात. घरातला भात, चपातीचे तुकडे आणि कण्या यांवर जगणाऱ्या कोंबडीला रोज एवढे कॅल्शियम मिळणे कठीण असते. अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या तयार खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. ते द्यावे आणि शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात ठेवावा, कोंबडी गरजेपुरता आपणच खाते. विष्ठेत जंतांची अंडीही दिसली होती, त्यासाठी दिलेल्या औषधानंतर किती दिवस तिची अंडी खाऊ नयेत, हे केसपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहून दिले. औषधाच्या दुकानात ही गोष्ट मला कधीही कोणी सांगितलेली नाही.

आता उणिवा. गाईम्हशींना तपासताना जखडून उभे करण्यासाठी खोडा आहे, पण कोंबडी मावेल असा वजनकाटा नाही. जंताच्या औषधाची मात्रा ठरवण्यासाठी तिला पिशवीत घालून शेजारच्या किराणा दुकानात तोलून आणावे लागले. आजारी पक्ष्यांसाठी वेगळी बसण्याची जागा नाही, आणि वेगवेगळ्या घरांतील कोंबड्यांच्या टोपल्या एकाच ओट्यावर शेजारी शेजारी ठेवणे हे संसर्ग पसरवण्यास आमंत्रण आहे. डॉक्टर फिरतीवर गेले असतील तर पशुधन पर्यवेक्षक भेटतात. ते अनुभवी असले तरी एकट्या कोंबडीसाठी तेवढा वेळ देतील याची खात्री नाही. रात्रीची सोय नाही. मेलेल्या पक्ष्याचे शवविच्छेदन करायचे असेल, तर नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवावे लागतात, आणि एका कोंबडीसाठी हा खटाटोप सहसा केला जात नाही.

लसीकरणाची अडचण मात्र दवाखान्याच्या हातातली नाही. राणीखेतची लासोटा लस शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांच्या कुपीत येते, ती शीतपेटीत ठेवावी लागते आणि एकदा द्रावण केले की एक-दोन तासांत संपवावी लागते; चार कोंबड्यांसाठी ती कुपी फोडायला कोणीही तयार होत नाही. आमच्या वाडीत यावर उपाय निघाला तो असा, की आठ-दहा घरांनी आपापल्या पक्ष्यांची संख्या दवाखान्यात आधी कळवली, एक सकाळ ठरवून घेतली आणि बर्फ घातलेल्या थर्मासमधून कुपी आणली. पर्यवेक्षक स्वतः आले आणि त्यांनी प्रत्येक पक्ष्याच्या डोळ्यात थेंब टाकून दाखवले. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी पावसाळ्याआधीच संख्या कळवावी आणि आजारी दिसणारा पक्षी त्या दिवशी लसीसाठी आणू नये.