ढेकूण झाल्यावर कपडे-अंथरुणाला ऊन द्यावे की गरम पाण्यात धुवावे?

घरात ढेकूण झाले की गाद्या, गोधड्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकण्याची आपली पद्धत जुनी आहे आणि तिच्यामागचा तर्क चुकीचा नाही, कारण ढेकूण उष्णतेने खात्रीने मरतो. मात्र प्रौढ ढेकूण सुमारे ४८ अंश सेल्सियसला काही वेळात मरत असले, तरी अंडी झटपट नष्ट व्हायला ५५ अंशांच्या आसपासचे तापमान लागते. विदर्भातल्या मे महिन्यातही गादीची वरची बाजू भाजून निघते, परंतु खालची बाजू आणि शिवणी थंड राहतात, आणि ढेकूण नेमके तिकडे सरकतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर हा पर्यायच उरत नाही.

याउलट चादरी, अभ्रे आणि सुती कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुतल्यास ढेकूण, पिल्ले आणि अंडी तिन्ही मरतात. कोमट पाण्यात अंडी तगू शकतात. हीटर नसलेल्या वॉशिंग मशिनवर म्हणूनच विसंबू नये. त्यापेक्षा चुलीवर किंवा बंबात तापवलेले पाणी बरे. लोकर आणि रेशीम यांना हे पाणी सोसत नाही. असे कपडे पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवावेत.

जे धुता येते ते गरम पाण्यातच धुवावे, असे माझे मत आहे. ऊन गादीपुरते पूरक ठरते, पण तेवढ्याने गादी ढेकूणमुक्त झाली असे समजू नये.