लाल दिव्याचा चार्जर: आठ महिन्यांनंतर

इलेक्ट्रिक गाडीची रेंज, पिकअप यावर सगळ्यांचं लिहून झालंय. मी लिहितोय गाडीसोबत आलेल्या पंधरा अँपिअरच्या चार्जरबद्दल, त्यातही त्याच्या लाल दिव्याबद्दल.

घर साताऱ्यात, वडिलांनी 1988 साली बांधलेलं. ऑगस्टात गाडी आली, रात्री प्लग लावला, लाल दिवा. शोरूमवाला म्हणाला, ‘‘सर, तुमच्याकडे अर्थिंग नाही.’’ अरे, थ्री पिन आहे, हिरवी वायर आहे, फ्रीज-मिक्सर सगळं चालतंय! दोन आठवडे भांडून चार्जर बदलून घेतला. नव्यावरही लाल. तेव्हा रागाने मी एक स्टार दिला होता.

मग गल्लीतला वायरमन आला. सॉकेट उघडलं, न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला दोन इंच वायर टाकली, दोनशे रुपये घेतले. दिवा हिरवा! मी त्याचा नंबर चार जणांना दिला. (त्या चौघांना नंतर फोन करून माफी मागितली.)

भाऊबीजेला मेहुणा आला. एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, सवयीने बोर्ड उघडला आणि गप्प झाला. ‘‘दाजी, ही वायर कुणी टाकली?’’ मग समजावलं. खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल तुटला, तर घरात चालू असलेल्या कुठल्याही बल्बमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर येणार, तिथून या दोन इंचांतून थेट गाडीच्या बॉडीवर. चार्जिंग बंद, गाडी मात्र 230 व्होल्टवर उभी. आणि चार्जिंग का थांबलं म्हणून आपण पहिलं काय करतो? गाडीला हात लावतो.

वायर काढून त्याने व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. फेज-न्यूट्रल 231, न्यूट्रल-अर्थ 112. तिथे दोन-तीन व्होल्ट हवेत. अर्थची तार जमिनीपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून वॉशिंग मशीन-कॉम्प्युटरच्या आतल्या फिल्टर सर्किटमधून निम्मं व्होल्टेज तिच्यावर चढून बसलेलं. बायको चार वर्षं सांगत होती, वॉशिंग मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. मी तिला उभं राहायला लाकडी पाट दिला होता. मेहुण्याने माझ्याकडे कसं पाहिलं ते लिहीत नाही.

कारण सापडलं ते असं: जुनं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी जीआय पाइपला बांधलेलं. 2021 मध्ये प्लंबरने ती लाइन काढून सीपीव्हीसी टाकली. प्लास्टिकमधून कसलं आलंय अर्थिंग! म्हणजे चार्जर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

मागच्या अंगणात तीन मीटरचा कॉपर बाँडेड (तांब्याचा थर दिलेला) रॉड ठोकला. चार फुटांवर मुरूम लागला, तर माणसाने आठशे जादा मागितले. एकूण 6,800. वर मेहुणा म्हणतो आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, तो पण लावा. मी म्हटलं, आता खड्डा झाला ना? त्याने रॉडच्या खोक्यावरच गणित केलं: अर्थचा रोध 14 ओहम भरलाय, 230 भागिले 14 म्हणजे साडेसोळा अँपिअरच्या आत. चार्जरच्या लाइनवर एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) 20 अँपिअरचा. बॉडीला फेज लागला तरी तो पडणारच नाही, करंट वाहत राहील. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी मात्र लगेच पडतो. दुकानदार स्वस्तातला एसी टाइप गळ्यात मारत होता, तो फक्त एसी गळती ओळखतो. चार्जरच्या गळतीत डीसीचा अंश असू शकतो, म्हणून ए टाइपच घेतला. आणखी अडीच हजार. जीवावर आलं, पण दिले.

सहा महिने सुरळीत. एप्रिलमध्ये पुन्हा लाल! शोरूमला झापायला फोन उचललाच होता, म्हटलं आधी मेहुण्याला विचारू. ‘‘दाजी, खड्ड्यात पाणी कधी टाकलं होतं?’’ कधीच नाही. माती सुकून अर्थिंग कमजोर झालेलं. दोन बादल्या ओतल्या, अर्ध्या तासात हिरवा. आता दर रविवारी आरओचं वाया जाणारं पाणी तिथेच जातं. त्यात क्षार जास्त, अर्थिंगला ते बरंच, आणि फुकट.

चार्जरला आता चार स्टार. एक कापला, कारण अर्थिंग गेलं तरी लाल, व्होल्टेज पडलं तरी लाल, आणि पुस्तिकेत त्यावर एकच ओळ: ‘इलेक्ट्रिशियनशी संपर्क साधा.’ साधला होता की, दोनशे रुपयांत.

मशीनच्या झिणझिण्या गेल्या. पाट मात्र बायकोने तिथून हलवू दिलेला नाही. पाहुणे आले की दाखवते.