आठ महिने एकच एलपी: स्प्रिंगस्टीनचा पहिला अल्बम, मालवणच्या पावसात

मार्चमध्ये मुंबईहून मागवलेली ही एलपी आज नोव्हेंबरपर्यंत शंभरेक वेळा तरी वाजली असेल. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा पहिला अल्बम, 'ग्रीटिंग्ज फ्रॉम ॲस्बरी पार्क, एन. जे.'. नऊ गाणी, साधारण 37 मिनिटं. कोलंबिया कंपनीने 5 जानेवारी 1973 रोजी तो काढला तेव्हा हा पोरगा 23 वर्षांचा होता. पहिल्या आठवड्यात मला तो आवडला नव्हता. तुमचंही तसंच झालं तर रेकॉर्ड विकून टाकू नका, म्हणून आधीच सांगतो.

अडचण शब्दांची. 'ब्लाइंडेड बाय द लाइट' हे पहिलंच गाणं, आणि माणूस श्वास घेतो कधी तेच कळत नाही. यमकांचा कोश हाताशी घेऊन ते लिहिलं, असं त्यानेच पुढे सांगितलंय. एका ओळीचा अर्थ लागेपर्यंत पुढची चार पात्रं येऊन गेलेली असायची.

एप्रिलमधल्या एका रात्री शेजारचे काका पडवीत येऊन बसले. भजनात ते पखवाजाला बसतात, आयुष्यभर डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांमधले भजनाचे सामने, ऐकलेला माणूस. डोळे मिटून त्यांनी अख्खी बाजू ऐकली आणि म्हणाले, "अर्थ कित्याक शोधतस? बुवा गजर कसो चढवता, ता बघ." मी पुन्हा सुई ठेवली. खरंच, डबलबारीत बुवा इवल्याशा जागेत शब्दांवर शब्द रचतो आणि तरी समेवर नेमका येतो, तेच इथे चाललंय. मागे ड्रमवर विनी लोपेझ सारखा पुढे धावतो. काका त्यावर म्हणाले, "वाजवणारो पळता, पण सम चुकणा नाय." त्या रात्रीपासून मी हा अल्बम ऐकायला लागलो.

आता नावडतं सांगतो. 'मेरी क्वीन ऑफ आर्कान्सा' आणि 'द एंजल' आठ महिन्यांनंतरही मला जड जातात. त्याला कारण आहे. कोलंबियाचे जॉन हॅमंड यांनी त्याला 1972 मध्ये कंपनीत आणलं. गिटारवर स्वतःची गाणी गाणाऱ्या बॉब डिलनलाही कोलंबियात त्यांनीच आणलं होतं. त्यांना हा एकटा गिटार घेऊन गाणारा हवा होता, याला स्वतःचा बँड हवा होता, आणि अल्बम मधेच ओढला गेला. उलट, रेडिओवर वाजेल असं यात काहीच नाही म्हणून कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी तो परत पाठवला, तेव्हा त्याने आणखी दोन गाणी लिहिली: 'ब्लाइंडेड…' आणि 'स्पिरिट इन द नाइट'. क्लेरन्स क्लेमन्सचा सॅक्सोफोन फक्त या दोनच गाण्यांत आहे. कंपनीच्या हट्टातून आलेली ही दोन गाणी अल्बमचा जीव आहेत, असं माझं ठाम मत आहे. 'स्पिरिट…'मध्ये वाइल्ड बिली, हेझी डेव्ही, क्रेझी जेनी अशी मंडळी रात्री तळ्यावर जातात. आमच्या वाडीत तरी खऱ्या नावाने कोणाला कोण ओळखतं? म्हणून ती मला लगेच आपली वाटली.

त्या काळी मात्र लोकांनी अल्बम घेतला नाही. पहिल्या वर्षी जेमतेम 25,000 प्रती खपल्या. 'नवा डिलन' हा शिक्का आधीच बसला होता आणि त्या शिक्क्याखाली गाणं ऐकायला कोण थांबणार! 'रोलिंग स्टोन' या संगीत नियतकालिकात समीक्षक लेस्टर बँग्ज यांनी शब्दांच्या या पुरावर खूश होऊन लिहिलं, तरी खप वाढला नाही. पुढे 1975 मध्ये तिसऱ्या अल्बमने तो 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्हींच्या मुखपृष्ठावर एकाच आठवड्यात झळकला. आणि जे 'ब्लाइंडेड…' त्याच्या आवाजात लोकप्रिय गाण्यांच्या यादीत कुठेच आलं नव्हतं, तेच मॅनफ्रेड मॅन्स अर्थ बँडने गायलं आणि 1977 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. हे वाचून मला त्याच्यासाठी वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

वेष्टन म्हणजे न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्क गावाचं जुनं पोस्टकार्ड, मोठ्या अक्षरांत गावाची चित्रं भरलेली. तेही समुद्रकाठचं, पर्यटकांवर जगणारं गाव. कुरिअरने कोपरा दुमडून आणला तो दुमडलाच. पावसाळ्यात वेष्टनावर बुरशीचे ठिपके दिसायला लागले. आतली कागदी पिशवी काढून प्लास्टिकची घातली, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, रेकॉर्ड उभीच ठेवतो. आवाजात अजून खरखर नाही.

जुलैत 'लॉस्ट इन द फ्लड' लागलेलं असताना लाईट गेली. बाहेर धो धो पाऊस, किल्ल्याच्या होड्या बंद, जेटीवरच्या टपऱ्यांवर निळी ताडपत्री. तबकडी मंदावत गेली, त्याचा आवाज खर्जात उतरत उतरत घरंगळला आणि थांबला. अंधारात काका आणि मी तसेच बसून राहिलो. लाईट पहाटे आली.

काल संध्याकाळी काका चहा संपवून म्हणाले, "ता पिपाणीवाला लाव रे." मी दुसरी बाजू लावली. 'स्पिरिट…' सुरू झालं आणि त्यांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली.